दहा वाजून दहा मिनिटं

माझ्या डाव्या मनगटावर अण्णांचं घड्याळ असतं आणि ते उलटं असतं, म्हणजे डायल आत, नाडीच्या बाजूला. ऑफिसात कोणी नवीन आलं की महिन्याभरात विचारतंच, "मॅडम, घाईत मिस्टरांचं घालून आलात का?" पूर्वी मी खुलासा करायचे, आता नुसतं हो म्हणते, कारण खुलासा करायचा तर एसटीपासून सुरुवात करावी लागते आणि लंच ब्रेक अर्ध्या तासाचा असतो.

इथे वेळ आहे तर सांगते. अण्णा म्हणजे माझे वडील, मिरज डेपोला एसटीचे कंडक्टर होते, एकतीस वर्षं. काखेत चामड्याची बॅग, उजव्या हातात पंच, डाव्या हातात तिकिटांचा ट्रे. घड्याळाची डायल बाहेर ठेवली तर ती सीटच्या लोखंडाला, दांड्याला, कोणाच्या डोक्यावरच्या बोचक्याला, कशाकशाला घासणार आणि काच जाणार. आत ठेवली की वाचते. आणि दुसरं म्हणजे ट्रे खालून धरलेल्या हाताची नाडी आपसूक आपल्याकडेच असते, हात वळवावा न लागता किती वाजले ते दिसतं. तर असं ते साधं गणित होतं, पण मी लहानपणापासून घड्याळ तसंच बघितलं, दहावीनंतर मला पहिलं घड्याळ मिळालं तेव्हा मीही ते तसंच बांधलं आणि कोणी मला अडवलं नाही. माझ्या हातात ना ट्रे ना पंच. मी एका बँकेत बसून खातेदारांच्या तक्रारींना उत्तरं लिहिते. पण डायल आतच.

घड्याळ आहे एचएमटी जनता. पांढरी डायल, काळे काटे, खाली बारीक अक्षरात १७ ज्वेल्स. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगलोरला घड्याळांचा कारखाना काढला आणि त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं आपल्याकडे नोकरी लागली, लग्न ठरलं, रिटायर झालं की एचएमटी, हा हिशोब ठरलेला होता. लग्नातल्या मानपानात घड्याळावरून रुसलेले जावई तर प्रत्येक घरात एक तरी निघतील. मग १९८७ च्या सुमाराला टायटनची क्वार्ट्झ घड्याळं आली, पातळ, देखणी, किल्ली द्यायची भानगड नाही, आणि जाहिरातीत मोझार्टची धून. डेपोतल्या निम्म्या लोकांनी बदलली. अण्णांनी नाही बदललं. त्यांचं म्हणणं, "सेलचं घड्याळ सांगून मरत नाही. किल्लीचं घड्याळ बंद पडलं तर चूक आपली, आपण किल्ली दिली नाही." एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने मंजुरी दिली, तेव्हा अण्णांनी पेपर बाजूला ठेवला, घड्याळ कानाला लावलं आणि म्हणाले, "हे चालू आहे." बस्स.

रिटायर झाल्यावर काही वर्षांनी डोळ्यांना ते बारीक आकडे दिसेनात, मोबाइलवर मोठ्या अक्षरात वेळ दिसायला लागली, मग घड्याळ माझ्याकडे आलं. भावाने नको म्हटलं, त्याच्या हाताला पावलं मोजणारं आहे.

ह्या घड्याळाला रोज किल्ली द्यावी लागते. एकदा पूर्ण दिली की साधारण दीड दिवस जातं, पण रोज एकाच वेळी द्यायची असा नियम आहे, नाहीतर विसरायला होतं. अण्णा दाढीच्या आधी द्यायचे. मी कॉफी उतरत असताना देते. आणि आता कॉफीवर यावंच लागेल.

आमचं घर अर्थातच चहाचं. सांगली-मिरजेकडचं कुठलंही घर चहाचंच. कॉफी म्हणजे प्रसंग. पाहुण्यांमधलं कोणी "मी चहा सोडलाय" म्हणालं तर कॉफी, घरात जागरण असलं तर कॉफी, बोर्डाच्या परीक्षेला कॉफी. ती दुधात उकळायची, साखर सढळ, आणि वरून जायफळ. आता यातला विनोद मला चाळिशीत कळला. जायफळ झोप आणतं. बाळाला गुटी देताना सहाणेवर जायफळाचे मोजून वेढे देतात, एक जास्त झाला तर बाळ दुपारभर उठत नाही. आणि कॉफी झोप उडवते. म्हणजे आमच्या आया अभ्यासाला जागं राहायला म्हणून जे पाजत होत्या त्यात ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबलेला होता. तरी आम्ही पास झालो.

पुण्यात आले तेव्हा हॉस्टेलच्या एका तमिळ मैत्रिणीने मला फिल्टर दाखवला. स्टीलचे दोन डबे एकावर एक, वरच्याला तळाशी बारीक भोकं, पावडर घालायची, ती छत्रीसारखी चकती ठेवून हलकं दाबायचं, उकळीला आलेलं पाणी ओतायचं आणि झाकण लावून गप बसायचं. पंधरा-वीस मिनिटं. घाई करून चमच्याने ढवळलं तर गाळ खाली येतो, पावडर जास्त दाबली तर थेंब पडत नाही. खाली जमतं ते डिकॉक्शन. तिच्या आजोबांचं घर रास्ता पेठेत, तिकडे दक्षिणेकडच्या लोकांची जुनी वस्ती आहे, तिथे तिने मला पहिल्यांदा कॉफी दळून घ्यायला नेलं. दुकानदाराने विचारलं, "चिकोरी किती?" मला वाटलं चिकोरी म्हणजे भेसळ, मी बाणेदारपणे म्हटलं अजिबात नको. मैत्रीण हसायला लागली. चिकोरी हे एक मूळ, भाजून दळलेलं, ते घातलं की कॉफी दाट, काळी, जराशी गोडसर कडू होते, आणि दुधात टिकून राहते. निव्वळ कॉफी दुधात कुठल्याकुठे हरवून जाते. ऐंशी-वीस घेतलं, गेली एकोणीस वर्षं ऐंशी-वीसच घेते. पाकिटावर प्रमाण छापायचा नियम आहे आणि चिकोरी एकोणपन्नास टक्क्यांच्या वर घालता येत नाही, हे मात्र वाचून घेत जा, कारण बरीच स्वस्त पाकिटं बरोब्बर त्या रेघेवर उभी असतात.

बाबा बुदान येमेनमधून सात बिया लपवून चिकमगळूरच्या डोंगरात घेऊन आले ही गोष्ट तिनेच सांगितली. सतराव्या शतकातली गोष्ट. खरी किती, दंतकथा किती कोण जाणे, पण त्या डोंगरांना आजही त्यांचंच नाव आहे. एवढ्या लांबून चोरून आणलेल्या बियांची कॉफी आपल्याकडे बिनबोभाट जायफळ टाकून उकळतात म्हटल्यावर ती दोन मिनिटं माझ्याकडे बघतच राहिली होती. आता मी काय करते, फिल्टरचं डिकॉक्शन, उकळतं दूध, आणि किसणीवर एकदाच फिरवलेलं जायफळ. तिला हे कळलं तर मैत्री तुटेल. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "एवढा खटाटोप करून शेवटी जायफळच ना?"

हल्ली कॉफीचं फार वाढलंय हे खरं. माझ्या टीममधला एक मुलगा ऑफिसात वजनकाटा, थर्मामीटर आणि हाताने फिरवायचा ग्राइंडर घेऊन येतो. एकास सोळा प्रमाण, पाणी त्र्याण्णव अंश, पहिलं पाणी टाकून तीस सेकंद थांबायचं म्हणजे पावडर फुलते. मी पिऊन बघितली, छान असते, चहाच्या जवळची वाटते, आंबूस, फळासारखी. त्याची चेष्टा करायचा मोह होतो, पण मग मनात येतं की मी उलटं बांधलेल्या जनता घड्याळाला रोज सकाळी सव्वासातला किल्ली देणारी बाई, मी कोणाला हसणार.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. माझा एक टेलर आहे, तो माझ्या प्रत्येक कुर्त्याला दोन्ही बाजूंना खोल खिसे शिवतो, एवढीच माझी फॅशन. मध्ये एकदा मी हौसेने एआयला विचारलं, की बाई माझं वय एवढं, उंची एवढी, बँकेत काम, पुण्यातला उन्हाळा, मला काय शोभेल. त्याने अगदी मन लावून उत्तर दिलं, बेज रंगाचा ब्लेझर, ऑफ व्हाइट शर्ट, नेव्ही ट्राउझर, आणि "एक नाजूक, मिनिमल घड्याळ." वाईट काही नव्हतं त्यात. ते कोणालाही चालेल असं होतं, माझ्या शेजारणीला, माझ्या बॉसला, विमानतळावर बॅग ओढत जाणाऱ्या कुठल्याही बाईला. मी त्याला लिहिलं, माझ्याकडे आईच्या सहा इरकली साड्या आहेत. तर तो म्हणाला, वा, इरकली साडीवर बेज ब्लेझर उठून दिसेल. मी चॅट बंद केलं आणि मग, खोटं कशाला बोलू, एकदा घालून बघितला. नाही दिसत.

आता कोणाला वाटेल मी एआयच्या विरोधात आहे. अजिबात नाही. आमच्या ऑफिसात सगळ्यात जास्त मीच वापरते. एक्सेलचा फॉर्म्युला, मुंबई ऑफिसला जाणारं इंग्रजी पत्र, चाळीस पानी सर्क्युलरमधून आपल्या कामाचं पान कुठलं, सगळं. इंग्रजीत तर त्याने माझी अब्रू कितीदा वाचवली आहे. मराठीत सुरुवातीला गंमत होती. एका खातेदाराला लिहायच्या पत्राची सुरुवात त्याने अशी करून दिली होती, "मी आशा करते की हे पत्र तुम्हाला चांगल्या स्थितीत सापडेल." मी ते प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. म्हणजे पत्र सापडेल का खातेदार सापडतील, आणि चांगल्या स्थितीत म्हणजे काय, भिजलेले नसतील अशा? आता तो सुधारलाय. आता फार गुळगुळीत लिहितो.

आणि तिथेच माझं जरा फसलं. वर्षभर मी तक्रारींची उत्तरं त्याच्याकडून लिहून घेत होते. आधी मी लिहायचे ते पत्र म्हणजे अर्धं सरकारी, अर्धं घरगुती असायचं. "उपरोक्त विषयास अनुसरून" म्हणून सुरुवात आणि मधेच "तुम्हाला दोन खेपा पडल्या त्याबद्दल वाईट वाटतं" असलं काहीतरी. साहेब त्यावर लाल पेन मारायचे. एआयची पत्रं साहेबांना आवडली, एकही लाल खूण नाही. हळूहळू सगळ्यांनी सुरू केलं, मग सगळ्या शाखांची पत्रं सारखीच दिसायला लागली, "आपल्या संयमाबद्दल आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत", ज्या माणसाने तीन पत्रांत आपल्याला शिव्या घातल्यात त्यालासुद्धा संयमाबद्दल आभार. तर एक पेन्शनर खातेदार आहेत, त्यांचं पासबुकाचं दरवर्षी काहीतरी निघतंच, आमचा जुना पत्रव्यवहार. त्यांनी पोस्टकार्ड पाठवलं. "पत्र मिळाले. तुमची बदली झालेली दिसते. पूर्वीच्या बाईंना माझा नमस्कार कळवावा."

पूर्वीच्या बाई मीच होते. मी त्यांना फोन केला आणि सांगितलं की बदली नाही झाली, इथेच आहे. ते म्हणाले, "मग बरी आहेस ना?" यावर काय बोलणार.

माझ्या साध्या डोक्याला हे यंत्र जेवढं समजलंय ते असं, की पुढचा शब्द कुठला येण्याची शक्यता जास्त, याचा तो अंदाज बांधत जातो. जगाने जे खूप वेळा लिहिलंय ते त्याच्या हाताशी आधी येतं. "दोन खेपा पडल्या" हे कोणी फारसं लिहीत नसणार. आता मी काय करते, आधी माझं कच्चं, वेडंवाकडं लिहिते, मग त्याला म्हणते फक्त शुद्धलेखन बघ, वाक्य बदलू नकोस. तरी बदलतो. मी परत पूर्ववत करते. ह्यात वेळ वाचत नाही हे मला कळतंय, साहेबांना अजून कळलेलं नाही.

अण्णांचं मात्र एआयशी वेगळंच नातं आहे. ते बोलून विचारतात, मोबाइल तोंडाजवळ धरून, खणखणीत आवाजात, जसं काही मागच्या सीटवरच्या माणसाला ऐकू जायला हवं. भावाने सुरू करून दिलंय. पहिल्याच दिवशी त्यांनी परीक्षा घेतली, "मिरजेहून पंढरपूरला एसटी कुठल्या कुठल्या गावावरून जाते?" त्याने गोड आवाजात गावं सांगितली आणि त्यात तासगाव घातलं. झालं. "तासगाव? तासगाव कुठनं आलं मधे? कवठेमहांकाळ, नागज फाटा, सांगोला, पंढरपूर. तासगावला कशाला नेतोयस लोकांना?" तो लगेच म्हणाला, तुमचं बरोबर आहे, चुकीबद्दल क्षमस्व. अण्णांनी मग मुद्दाम म्हटलं, "नाही नाही, मीच चुकलो, जत मार्गे जाते." त्यावरही तो म्हणाला, तुमचं बरोबर आहे. अण्णांनी फोन खाली ठेवला. "ह्याला कंडक्टर करायचा नाही," म्हणाले. "चढणारा प्रत्येक माणूस म्हणेल तिथं ह्याची गाडी जाणार. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं की."

नवीन कंडक्टरला पहिले काही दिवस जुन्या माणसाबरोबर पाठवायचे, त्यांच्याबरोबर येणाऱ्या पोरांना अण्णा म्हणे एकच शिकवायचे, भाडं पाठ असलं तरी तक्ता बघून सांगायचं, आणि तक्त्यात नसलेलं गाव कोणी मागितलं तर ड्रायव्हरला विचारायचं, अंदाजाने तिकीट फाडायचं नाही. चेकर चढला की अंदाज चालत नाही. तेव्हापासून अण्णा एआयला विचारतात सगळं, गुडघेदुखी, पावसाचा अंदाज, शेजारच्या कुत्र्याला काय झालं असेल, पण प्रत्येक उत्तरानंतर एक प्रश्न ठरलेला, "हे तक्ता बघून सांगतोयस का मनानं?" तो काय उत्तर देतो ते ऐकण्यासारखं असतं. फार नम्रपणे गोल गोल फिरतो.

आईने एकदाच विचारलं, कॉफीत जायफळ किती. दोन कपाला छोटा चमचा पूड, असं उत्तर आलं. आई म्हणाली, "वास येईपर्यंत घालायचं असतं, झोप येईस्तोवर नाही."

हे सगळं असं वाचताना वाटेल की तो नेहमी हरतो आणि आमच्याकडची माणसं जिंकतात, पण गेल्या पावसाळ्यातली गोष्ट तशी नाही. घड्याळ अचानक पुढे पळायला लागलं. दिवसाला आठ-दहा मिनिटं, सरळ. मला आधी कळलंच नाही, मी आठवडाभर सगळीकडे लवकर पोचत होते आणि मनातल्या मनात स्वतःचं कौतुक करत होते. मग एआयला विचारलं. त्याने पाच कारणं दिली. पहिल्यातच तो बॅटरी तपासा म्हणाला, किल्लीच्या घड्याळाला बॅटरी, मी तिथेच हसून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेत घड्याळजीकडे गेले. जिन्याखालचं दुकान, एक माणूस बसेल एवढंच, त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं, आत बघितलं, काही बोलले नाहीत. मग ड्रॉवरमधून शाळेच्या कंपासमध्ये असायचं तसं छोटं होकायंत्र काढून घड्याळाशेजारी ठेवलं. सुई वळवळली. त्यांनी विचारलं, "पर्स कुठली आहे तुमची?"

मी पर्स दाखवली. नवीन, तिला लोहचुंबकाचं बटण. रात्री घड्याळ काढून मी त्याच बटणाशेजारच्या कप्प्यात टाकत होते. घड्याळाच्या पोटात केसाएवढ्या तारेची एक स्प्रिंग असते, तिच्या जोरावर चाक मागेपुढे डोलतं, माझ्या घड्याळात तासाला अठरा हजार वेळा, म्हणजे सेकंदाला पाच. लोहचुंबकाने त्या तारेचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते, चाक भरभर डोलतं आणि घड्याळ पळतं. त्यांनी चुंबकत्व घालवायच्या एका निळ्या डबीवर घड्याळ ठेवलं, बटण दाबून अलगद वर उचललं, झालं. पैसे किती विचारलं तर म्हणाले, "ह्याचे काय घ्यायचे, पर्स बदला."

घरी येऊन ते अर्धवट सोडलेलं उत्तर मी पूर्ण वाचलं. चौथ्या नंबरवर लिहिलेलं होतं, घड्याळ चुंबकाच्या संपर्कात आलं असण्याची शक्यता. पर्सच्या बटणाचं उदाहरणसुद्धा होतं. मीच वाचलं नव्हतं. तरी एक आहे, घड्याळजींनी पाच कारणं नाही सांगितली, त्यांनी एक प्रश्न विचारला.

निघताना मी सहज म्हटलं की ऑनलाइन अशी जुनी घड्याळं नवी कोरी मिळतात, एक भावासाठी घेऊ का. त्यांनी काउंटरखालून एक काढून दाखवलं, चकाचक निळी डायल, चकाचक केस. म्हणाले, हे बाहेरून जनता आहे, आतलं मशीन एका घड्याळाचं, चाकं दुसऱ्याची, डायल परवा रंगवलेली. परदेशातले शौकीन असल्या घड्याळांना "मुंबई स्पेशल" म्हणतात हे मी नंतर वाचलं. फोटोत फार सुंदर दिसतं. मला त्या क्षणी काचेखालचं माझं "चांगल्या स्थितीत सापडेल" आठवलं. काटे फिरत होते त्याचे, वेळही बरोबर होती. एवढंच की ते कोणाच्याच हातावर कधी नव्हतं.

आता एका कार्डाची गोष्ट. दीडेक वर्षापूर्वी अण्णांना पंचाहत्तर वर्षं झाली. भावाने हॉल घेतला, तुलाभार वगैरे नको म्हणून अण्णांनी दम दिला, मी म्हटलं निदान एक कार्ड करू. एआयकडून चित्र काढून घ्यायचं ठरवलं. खाकी कपड्यातला कंडक्टर, लाल एसटी, पहाटेचा अंधार, आणि हातावरचं घड्याळ, त्यात चार पस्तीस. चार पस्तीस म्हणजे मुक्कामी गाडी. आदल्या रात्री गावात जाऊन देवळात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात झोपायचं आणि पहाटे चार पस्तीसला तीच गाडी घेऊन मिरजेला यायचं, दूध, शाळेची पोरं, दवाखान्याची माणसं. ती वेळ आमच्या घरात अंगारकीसारखी पाठ होती.

चित्र छान आलं. कंडक्टर जरा पंजाबी सिनेमातला वाटत होता पण चालून जाईल. घड्याळात मात्र दहा वाजून दहा मिनिटं. मी लिहिलं, चार पस्तीस हवेत. "नक्कीच! आता घड्याळात चार वाजून पस्तीस मिनिटं झाली आहेत." आणि दहा दहा. मी लिहिलं, छोटा काटा चार आणि पाचच्या मधे, मोठा सातवर. "अगदी बरोबर, हे घ्या." दहा दहा. अकरा चित्रं काढली त्या रात्री. एकदा त्याने कंडक्टरला दोन घड्याळं दिली, दोन्हीत दहा दहा.

कारण मला नंतर कळलं. घड्याळाच्या जाहिरातीत काटे कायम दहा दहावर ठेवतात, दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले, बाराच्या खालचं कंपनीचं नाव मोकळं राहतं, आणि चेहरा हसल्यासारखा दिसतो. फार पूर्वी आठ वीसही ठेवायचे, मग त्यांच्या लक्षात आलं असावं की ते तोंड पाडून बसल्यासारखं दिसतं. अब्राहम लिंकन त्या वेळी वारले म्हणून दहा दहा, असा एक फॉरवर्ड फिरतो, त्यात काही अर्थ नाही, ते वारले सकाळी सव्वासातनंतर. तर जगातले घड्याळांचे लाखो फोटो दहा दहाचे आणि ह्याने तेच बघून घड्याळ शिकलेलं, त्याच्या लेखी घड्याळ म्हणजेच दहा दहा. आता नवीन आलेल्यांना बरंच जमतं म्हणे. मला त्या रात्री जमलं नाही, दुकान सकाळी दहाला उघडणार, कार्यक्रम अकराला, मी तसंच छापून घेतलं.

हॉलमध्ये गर्दी पांगल्यावर अण्णांना कार्ड दिलं. त्यांनी चष्मा वर करून, कार्ड नाकाशी धरून बघितलं. एसटीचा नंबर वाचायचा प्रयत्न केला, तो नंबर नव्हताच, नुसत्या रेघोट्या होत्या. ड्रेसची बटणं मोजली. मग घड्याळावर आले आणि थांबले. मी सांगायला सुरुवात केली की अण्णा, त्याचं काय झालं, मी अकरा वेळा, आणि त्यांनी हाताने गप केलं.

"दहा दहा," म्हणाले. "दहा दहाची जत."

आणि मग आईकडे वळून, जरा नाराजीनेच, "पण ती माझी ड्यूटी नव्हती कधी. ती गाडी रिकामी जायची."